वाटाणे मोजणारा शिक्षक

कर्जत-खालापूरच्या खाचरांत भात हेच मुख्य पीक. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालेले ‘सह्याद्री’ हे संकरित भात लावणाऱ्या शेतकऱ्याला मात्र दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते. घरचे दाणे पुन्हा पेरले तर पीक एकसारखे येत नाही. असे का, हे त्याच्या शाळकरी मुलाने विचारले तर त्याचे उत्तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका शिक्षकाने देऊन ठेवले आहे.

ग्रेगोर मेंडेल यांचा जन्म 1822 साली, आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. गरिबीमुळे शिक्षण अडले, तेव्हा 1843 मध्ये ते ब्रनो येथील मठात दाखल झाले. शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत 1850 मध्ये ते अनुत्तीर्ण झाले. 1856 मध्येही त्यांना यश लाभले नाही. तरीही ब्रनोच्या शाळेत त्यांनी चौदा वर्षे विज्ञान शिकविले आणि मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे वाढविली.

गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा त्यांनी संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सारे दाणे गोल आले. दुसऱ्या पिढीत मात्र 5474 गोल दाण्यांबरोबर 1850 सुरकुतलेले दाणे परत आले. म्हणजे तिनास एक. गुण एकमेकांत विरघळत नाहीत. माता व पिता यांच्याकडून एकेक घटक येतो, कधी दबून राहतो व पुढे पुन्हा वेगळा होतो. संकरित भाताची दुसरी पिढी विसकटते ती याच नियमाने.

हे संशोधन 1866 मध्ये छापले गेले. फारशी दखल कोणी घेतली नाही. 1884 मध्ये मेंडेल निवर्तले. त्यांच्या कार्याचे मोल जगाला कळले ते 1900 साली.

आपल्या वर्गांत मात्र हे प्रमाण बहुधा केवळ पाठ केले जाते. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. दोन पिशव्यांत तांबडे व पांढरे दाणे समसमान घालावेत. एक पिशवी आईची, एक वडिलांची. न पाहता दोहोंतून एकेक दाणा काढावा, जोडी नोंदवून दाणे परत टाकावेत. दहा जोड्यांत प्रमाण कदाचित दिसणार नाही. साऱ्या वर्गाने मिळून चारशे जोड्या काढल्या, तर तांबडा दाणा असलेल्या जोड्या तीनशेच्या आसपास भरतील. मेंडेल यांनी हजारो दाणे का मोजले, हे मुलांना तेव्हा उमजेल. आणि बियाणे दरवर्षी का घ्यावे लागते, हे त्यांना घरी वडिलांना समजावून सांगता येईल.