धर्मशाळा लोकांची, झोपडी बाबांची

स्मरणिकेत लिहा असं दिंडीच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझं शिक्षण चौथी. कीर्तनात बोलणं वेगळं अन् कागदावर मांडणं वेगळं. पण आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, आणि या शंभर वर्षांत आपल्यापैकी कितीतरी जण पंढरपुरात गाडगेबाबांच्या धर्मशाळेत पाठ टेकून आले असतील. ज्यानं आपल्याला एवढं छप्पर दिलं, त्याचं स्वतःचं छप्पर केवढं होतं, तेवढंच सांगतो.

बाबांचं मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव, अमरावती जिल्हा. म्हणजे आपल्या आर्वीहून वर्धा नदी ओलांडली की बाबांचाच मुलूख लागतो. जात परिटाची. बाप दारूपायी लवकर गेला. माय सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला, आपल्या माहेरी आली. तिथं देबूनं ढोरं राखली, नांगर धरला, कष्टाला मागं हटला नाही. मामाचं घर खाऊनपिऊन बरं होतं, पण सावकाराच्या कर्जात वावर गुंतलं. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा देबूजी धुऱ्यावर नाही, वावराच्या मधात उभा राहिला. हे मी मुद्दाम सांगतो. काही लोकांना वाटते, ज्याच्याजवळ काही नसते तोच घर सोडते. देबूजीनं घर आधी जीव लावून राखलं होतं. लेकीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यानं गोडाचं जेवण घातलं होतं. असा भरल्या संसारातला माणूस १ फेब्रुवारी १९०५ ला पहाटे घराबाहेर पडला. अंगावर चिंध्या, हातात गाडगं अन् खराटा.

बारा वर्षं असेच हिंडण्यात गेले. ज्या गावात जायचं ते गाव झाडायचं, भाकर मागून खायची, रात्री कीर्तन करायचं. ऋणमोचनला पूर्णा नदीवर लोक चिखलातून पाण्यात उतरायचे, तिथं घाट झाला. मग पंढरपूर. आता आपल्याला मठ आहेत, धर्मशाळा आहेत, पावसात ताडपत्री आहे. तेव्हाचा गरीब वारकरी वाळवंटात उघड्यावर निजायचा. त्यातही ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांना तर कोणी ओसरीवरही घेत नसे. पांडुरंगाच्या गावात चोखोबाच्या लेकरांनाच निवारा नाही, ही गोष्ट बाबांच्या जिवाला लागली. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढं पंढरपुरात मराठा धर्मशाळा झाली, नाशिक, देहू, आळंदी इथं झाल्या. मुंबईला रोग्यांच्या नातेवाइकांसाठी झाली. पैसा लोकांचा, घाम लोकांचा, हिशेब चोख.

आणि इमारत उभी राहिली की बाबा बाहेर! बाजूला गवताची झोपडी, नाहीतर झाड. आतल्या दगडी खोलीत बाबा निजले नाहीत. जेवायलाही ते धर्मशाळेतलं घेत नसत, मागून आणलेली भाकर कुठंतरी बसून खायचे.

कुंताबाई, म्हणजे बाबांच्या पत्नी, त्याही झोपडीतच राहिल्या. कीर्तनात मी इथं आलो की बाया एकदम गप होतात. बाबांनी तर आपल्या मनानं निवडलं, पण कुंताबाईंना कोणी विचारलं होतं? नवऱ्याच्या नावाच्या एवढाल्या इमारती डोळ्यासमोर, अन् आपण कुडाच्या भिंतीत. त्यात १९२३ मध्ये एकुलता एक गोविंदा गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तनाला उभे होते. निरोप आला, तरी कीर्तन थांबलं नाही. बाबांचं मोठेपण सगळे सांगतात. त्या माउलीनं काय सोसलं ते सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत.

घराबद्दल बाबा लोकांनाही तेच सांगत. ताट मोडा, लुगडं हलकं घ्या, कर्ज काढून सण करू नका, पण लेकराला शाळेत घाला. आमच्या घरी हे उलटं झालं. एक साल कापूस बरा पिकला, अन् बापानं सागवानाची माडी काढली. वरचा पैसा कर्जाचा. त्याच वर्षी माझी शाळा सुटली. त्या माडीवर आज कापसाचे गाठोडे राहतात, माणूस कोणी चढत नाही. बापावर माझा राग नाही, त्याला तेव्हा तेच मोठेपण वाटलं. मी मात्र दोन खोल्यांवर कवेलू टाकले अन् थांबलो. दोन्ही पोरी शिकल्या. सोयरे येतात तेव्हा अडचण होते, ते खरं आहे.

१९४९ मध्ये बाबांनी चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेला देऊन टाकली, पोरांच्या वसतिगृहासाठी. बाकीच्या संस्थांचे ट्रस्ट केले आणि आपल्या नातेवाइकांचा त्यावर काही हक्क ठेवला नाही. एवढ्या इमारती बांधणाऱ्याच्या नावावर एक खोली उरली नाही.

१९५६ साली तब्येत खालावली होती. नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात शेवटचं कीर्तन झालं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, बाबांना गाडीतून नेत असताना अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलावर त्यांचा प्राण गेला. रस्त्यातच. समाधी अमरावतीला गाडगेनगरात आहे. कौंडण्यपूरला रुक्मिणीमातेच्या दर्शनाला गेलात तर तिथून अमरावती काही लांब नाही, एक दिवस जास्तीचा काढून जाऊन या.