पंडिता रमाबाई आणि केडगावचा मळा : संस्था चालवणाऱ्यांसाठी धडा

सोलापूरच्या नवी पेठेतली खरेदी आटोपून तुम्ही रेल्वेने पुण्याकडे निघालात, की दौंड आणि पाटस मागे टाकल्यावर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तेथे आजही आहे. विदुषी व समाजसुधारक म्हणून त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. मात्र त्यांनी संस्थेसाठी मळा घेतला होता, हे फारसे सांगितले जात नाही. तुम्ही शेतकरी गट, उत्पादक कंपनी किंवा पाणी वापर संस्था चालवत असाल, तर हे चरित्र तुमच्या उपयोगाचे आहे.

दुष्काळ अंगावर घेतलेली मुलगी

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्या काळात पत्नीला संस्कृत शिकवले, पुढे मुलीलाही आईकडूनच विद्या मिळाली. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. रमाबाई भावाबरोबर उपाशीतापाशी देशभर पायी फिरल्या. १८७८ मध्ये कोलकात्यातील विद्वानांनी त्यांना पंडिता म्हणून गौरवले. १८८२ मध्ये पती वारले, पदरी लहान मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

झाकून ठेवण्याचा मोह टाळला

१८८९ मध्ये मुंबईत विधवा व मुलींसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. मुलींवर कोणताही धर्म लादायचा नाही, असे ठरले होते. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. वचन मोडले असे टीकाकारांचे म्हणणे होते. आपण सक्ती केली नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते. तुमचे मत काहीही असो, एक गोष्ट लक्षात घ्या. दार लावून घेतले असते तर माणसे टिकली असती. त्यांनी नुकसान सोसले, पण आपली श्रद्धा लपवली नाही.

मदत संपण्याआधी जमीन

सदनाला अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांपुरतीच होती. म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली. फळझाडे लावायची आणि त्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा बेत होता.

झाडे हाताशी येण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, तेव्हा या मुलींना मळ्यावरच आसरा मिळाला. १९०० च्या दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, भाजीपाला, दुभती जनावरे, विणकाम, छापखाना अशी कामे उभी राहिली. आधी शिकलेल्या मुली नव्या मुलींना शिकवू लागल्या. रमाबाई साधी साडी नेसत, शाकाहारी राहिल्या आणि मुलींमध्येच राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. कार्य मात्र थांबले नाही.

तुमच्या गटासाठी

- अनुदान चालू असतानाच गटाचे स्वतःचे उत्पन्न उभे करा. अनुदान बंद झाल्यावर उशीर होतो.
- पाण्याची सोय टंचाईच्या आधी करा.
- सभासदांना न आवडणारी गोष्टही बैठकीत उघड सांगा. ती बाहेरून कळली तर विश्वास जातो.
- दुसरी फळी तयार करा. हिशेब आणि बियाण्याची खरेदी एकाच माणसाच्या हाती ठेवू नका.

पुढच्या वेळी गाडी केडगावला थांबली, की खिडकीतून बाहेर जरूर पाहा. आणि आपण नसताना आपला गट किती दिवस चालेल, हे स्वतःला विचारा.