मुक्ताईच्या घरी दाणा नव्हता

॥ राम कृष्ण हरी ॥

आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली, स्मरणिकेत तुम्हीही चार ओळी लिहा, असा मंडळींचा आग्रह पडला. आम्ही चौथी शिकलेलो. वखर धरता येतो, वीणा धरता येते, लेखणीची सवय नाही. म्हणून कीर्तनात जे सांगत आलो तेच मांडतो. आपल्या खान्देशच्या माहेरवाशिणीचं, आदिशक्ती मुक्ताईचं चरित्र. चुकलं तर पदरात घ्यावं.

मुक्ताईचा जन्म शके 1201 चा, म्हणजे इसवी सन 1279. वडील विठ्ठलपंत, आई रुक्मिणी. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव हे तीन भाऊ आणि ही सर्वांत धाकटी. वडिलांनी संन्यास घेतला होता आणि गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले होते. एवढ्यावरून गावाने वाळीत टाकलं. प्रायश्चित्त काय, तर देहान्त. आईबापांनी लेकरांची वाट मोकळी व्हावी म्हणून पाण्यात देह ठेवला आणि चार पोरं उघड्यावर पडली.

श्रोतेहो, इथं घटकाभर थांबा. घरात दाणा नाही, शेत नाही, भाऊबंद दारात उभं करीत नाहीत. कोरान्न मागून आणायचं आणि चौघांनी वाटून खायचं. आपल्यावर एक हंगाम बुडाला तर आपण देवाला शिव्या द्यायला लागतो. या लेकरांचा अख्खा संसार बुडाला होता. तरी त्यांच्या तोंडचं नाम सुटलं नाही.

पुढं शुद्धिपत्रासाठी चौघं पायी पैठणला गेली. तिथून नेवाशाला. नेवाशाला शके 1212 मध्ये ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली. तेव्हा मुक्ताई अकरा वर्षांची होती. आपल्या घरची अकरा वर्षांची पोर डोळ्यांपुढं आणा, म्हणजे कळेल.

आता मांड्यांची कथा घ्या. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. आपल्या खान्देशात मांडे काय असतात हे सांगायला नको. लग्नकार्यात उपडं खापर चुलीवर चढतं आणि हातावर वाढवलेला मांडा त्याच्यावर पडतो. खापर नाही तर मांडा नाही. मुक्ताई खापर आणायला कुंभारवाड्यात गेली. पण विसोबा चाटी नावाचा गृहस्थ या भावंडांचा द्वेष करायचा. त्यानं कुंभारांना आधीच दम दिला होता. पोर रिकाम्या हातानं रडत घरी आली. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि मुक्ताईनं भावाच्या पाठीवर मांडे भाजले. विसोबानं ते पाहिलं, त्याचा अहंकार गळाला आणि तो शरण आला.

ही कथा आम्ही तरुणपणी चमत्कार म्हणून सांगायचो. आता वेगळी दिसते. देवानं वरून दुसरं खापर टाकलं नाही. भावाची पाठ होती, तीच पुढं आली. देव पुरवतो म्हणजे आभाळातून पोतं पडतं असं नाही. तो जवळच्या माणसाच्या अंगात येतो. 1972 च्या दुष्काळात आम्ही लहान होतो. मायबाप दुष्काळी कामावर खडी फोडायचे, सुकडी मिळायची, तांबडी मिलो ज्वारी घरात यायची. ज्याच्या घरी दोन भाकरी होत्या तो एक शेजारी द्यायचा. आम्ही जगलो ते असे. त्याला पांडुरंगानं जगवलं म्हणतो, ते खोटं नाही.

दुसरी कथा ताटीची. एकदा लोकांनी ज्ञानदेवांचा फार अपमान केला. एवढा मोठा ज्ञानी, पण त्या दिवशी मन विटलं. झोपडीत शिरले आणि आतून ताटी लावून घेतली. बाहेर कोण उभं राहिलं? सर्वांत लहान बहीण. तिनं भावाला रागं भरलं नाही, विनवलं, समजावलं. संतानं जगाचं सोसायचं असतं याची आठवण दिली, आणि ताटी उघडेपर्यंत ती दारातून हलली नाही. ताटीचे अभंग म्हणून ते बोल आजही आपण गातो.

मंडळी, हे आम्ही पोथीतलं सांगत नाही. एका साली आमचा सगळा कापूस बोंडअळीनं खाल्ला. कर्ज डोक्यावर. दोन दिवस आम्ही खोलीची कडी लावून पडून होतो. मनात काय काय आलं ते लिहीत नाही. धाकटी बहीण सासरहून आली आणि उंबऱ्यात बसून राहिली. वारीचे दिवस जवळ आलेत, वीणा कोण धरणार, एवढंच म्हणत राहिली. आम्ही कडी काढली. कर्ज त्या दिवशी फिटलं नाही, पुढं चार वर्षं फेडलं. पण ताटी उघडली नसती तर फेडायला कोण राहिलं असतं? म्हणून सांगतो, गावात कोणाची ताटी लागलेली दिसली तर तिथंच बसा. ते नामस्मरणच आहे.

चांगदेवांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. चौदाशे वर्षांचा योगी, त्यानं कोरं पत्र पाठवलं. एवढं जगूनही कोराच राहिला, असं मुक्ताईनं हसून म्हटलं. शेवटी त्यानं त्या पोरीलाच गुरू केलं. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ उभं आहे.

शके 1218 च्या कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. पाठोपाठ मार्गशीर्षात सोपानदेव सासवडला. ज्या पाठीवर मांडे भाजले ती पाठ गेली. मुक्ताईला दुःख झालं नसेल का? झालंच. पण तिनं देवावर ताटी लावली नाही. निवृत्तिनाथांबरोबर तीर्थं करीत तापीकाठी मेहुणला आली. शके 1219, वैशाखाचा वद्य पक्ष. मोठं वादळ उठलं, वीज कडाडली आणि मुक्ताई त्यात गुप्त झाली. वय अवघं अठरा.

मेहुण, कोथळी ही ठिकाणं आपल्या जळगाव जिल्ह्यात. एदलाबादचं नाव तिच्यावरून मुक्ताईनगर झालं. तिची पालखी ज्येष्ठात निघते आणि बुलढाणा, जालना, बीडच्या मुलखातून महिन्याहून अधिक चालून पंढरपूरला पोचते. ज्या पोरीला गावानं कोरान्न देताना तोंड फिरवलं, तिच्या पालखीपुढं आज गावोगाव पंगती बसतात. कोणी झुणका-भाकर आणतं, कोणी नुसतं पाणी. उद्या कोण जेऊ घालील हे निघताना आपल्याला कुठं ठाऊक असतं? तरी शंभर वर्षांत आपली दिंडी चालत राहिली. देवाचा शब्द खरा होतो तो असा, वाढणाऱ्याच्या हातानं.

आषाढीला भेटूच. वाटेत कोणी मागं राहिला तर त्याच्यासाठी थांबा.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!