श्रीगोंद्याचे शेख महंमद

करमाळ्याहून वायव्येस निघून कर्जत तालुका ओलांडला कीं श्रीगोंदें लागतें. आज तें अहिल्यानगर जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे; शिवपूर्वकाळीं त्यास चांभारगोंदें म्हणत. या गांवीं सुमारें पावणेचारशें वर्षांपूर्वी शेख महंमद नांवाचे एक मुसलमान साधु राहत असत. त्यांनीं मराठींत ओंव्या रचिल्या, मालोजीराजे भोसल्यांसारख्या पराक्रमी पुरुषानें त्यांना गुरु मानिलें, आणि ज्या पंथाच्या दिंड्या आषाढी वारीस आपल्या रावगांव-जेऊर-कंदरच्या वाटेनें पंढरीस जातात, त्या वारकरी पंथानें त्यांना आपल्या संतमालिकेंत आदरानें बसविलें. इतकें जवळचें हें चरित्र आपल्या मुलांस बहुधा ठाऊक नसतें, म्हणून तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

बीड जिल्ह्यांतील वाहिरें हें त्यांच्या घराण्याचें गांव मानितात. पित्याचें नांव राजे महंमद आणि मातेचें नांव फुलाई. आईबापांच्या नांवांची ही जोडीच पाहा. एक अरबस्तानाची आठवण देणारें, दुसरें अस्सल आपल्या मातींतलें. दक्खनच्या पुष्कळ मुसलमान घरांत असेंच असे. प्रार्थना अरबींत, आणि सुखदुःखाची बोली मात्र मराठी.

त्यांच्या बाळपणाची एक आख्यायिका परंपरेनें चालत आली आहे. पूर्वीच्या गांवगाड्यांत बकरें हलाल करण्याचें काम मुलाण्याकडे असे व तें वंशपरंपरेनें चाले. त्या रीतीप्रमाणें एके दिवशीं घरच्यांनीं या मुलाच्या हातीं सुरी दिली व बकरें कापण्यास सांगितलें. बकरें दाव्यास बांधलेलें होतें. मुलानें सुरी उचलली. परंतु ती त्या जनावराच्या मानेवर ठेवण्यापूर्वी त्याच्या मनांत आलें कीं, हिची धार लागते तरी कशी, हें आधीं आपण पाहावें. त्यानें ती आपल्याच बोटावर ओढिली. रक्त आलें आणि कळ मस्तकापर्यंत गेली. एवढ्याशा चिरेनें आपला जीव असा कासावीस होतो, तर मान कापली जातांना या मुक्या जिवास काय वाटत असेल, या विचारानें त्याच्या हातांतील सुरी गळून पडली. बकऱ्याचें दावें सुटलें आणि मुलाचें मन संसारांतून उठलें, असें ही कथा सांगते.

दयेवरील व्याख्यानें आपण सर्वांनींच ऐकिलीं आहेत, आणि तीं ऐकून घरीं गेल्यावर गड्यामाणसांवर ओरडणारेहि आपण पाहिले आहेत. दुसऱ्याची वेदना आपल्या अंगावर मोजून पाहणारा मात्र विरळा. या मुलानें ती मोजिली, आणि तीहि प्रथम आपल्या बोटावर.

ही कथा सांगतांना कित्येक जण असें सुचवितात कीं, ही करुणा त्या मुलास घरच्या धर्मांत मिळाली नव्हती, ती त्यानें बाहेरून आणिली. मला हें पटत नाहीं. इस्लामनें मांसाहार निषिद्ध मानिलेला नाहीं, हें खरें. आणि या बाबतींत शेख महंमद आपल्या घरच्या रिवाजाच्या एक पाऊल पुढें गेले, हेंहि खरें. परंतु तें पाऊल ज्या वाटेवर पडलें ती वाट महंमद पैगंबरांनीं घालून दिलेली होती. जनावर कापावयाचें तर सुरी आधींच चांगली परजून ठेवावी, त्या जिवाच्या देखत ती परजूं नये, त्यास क्षणभरहि अधिक वेदना होऊं देऊं नयेत, अशी त्यांची आज्ञा परंपरेनें सांगितली जाते. जो मरणार आहे त्याच्याहि भीतीचा विचार या आज्ञेंत आहे. त्या मुलानें हाच विचार शेवटापर्यंत नेला.

पैगंबरांचें स्वतःचें बाळपण पाहिलें म्हणजे या शिकवणीचें मूळ ध्यानांत येतें. इ. स. 570 च्या सुमारास मक्केंत त्यांचा जन्म झाला, तो पिता वारल्यानंतर. सहाव्या वर्षीं आई गेली, आठव्या वर्षीं सांभाळ करणारे आजोबाहि गेले. पुढें चुलते अबू तालिब यांनीं त्यांना वाढविलें. पोरकेपण ज्यानें भोगिलें त्याला पोरक्याच्या डोक्यावरून फिरणाऱ्या हाताची किंमत कळते. त्यांच्या उपदेशांत अनाथ, विधवा, गुलाम आणि भुकेला शेजारी यांची आठवण वारंवार येते, यांत नवल नाहीं. कुराणाचे 114 अध्याय आहेत. त्यांपैकीं एक वगळतां प्रत्येकाच्या आरंभीं ईश्वराचें जें स्मरण आहे, तें रहमान व रहीम, म्हणजे परमदयाळु, या नांवांनीं आहे. अरबी भाषेंत दया आणि मातेचें उदर हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. आपले वारकरी विठ्ठलास माउली म्हणतात. दोन दूरच्या भाषांना देवाची दया सांगतांना आईच आठवावी, ही गोष्ट मला मोठी गोड वाटते.

पैगंबर आपल्या अनुयायांस ज्या कथा सांगत, त्यांपैकीं एक अशी कीं, एका वाटसरूनें विहिरींत उतरून आपली तहान भागविली. वर येऊन पाहतो तों एक कुत्रें तहानेनें व्याकुळ होऊन ओली माती चाटीत होतें. तो पुन्हा खालीं उतरला, पायांतल्या जोड्यांत पाणी भरून, तो दांतांत धरून वर चढला आणि कुत्र्यास पाणी पाजलें. तेवढ्यावर ईश्वरानें त्याच्या पापांची क्षमा केली. एकदां प्रवासांत कांहीं सोबत्यांनीं एका पक्षिणीचीं पिलें घरट्यांतून काढून आणिलीं. ती त्यांच्या डोक्यांवर पंख फडफडवीत घिरट्या घालूं लागली. तें पाहून पैगंबरांनीं पिलें ताबडतोब परत ठेवावयास लाविलीं. आणि प्राण्यांवर दया करणारे पुष्कळ लोक शत्रूच्या बाबतींत कठोर असतात, तसेंहि त्यांचें नव्हतें. ज्या मक्केनें त्यांना घरदार सोडावयास लाविलें, त्यांच्या आप्तांना ठार केलें, तींत ते इ. स. 630 मध्यें विजयी होऊन शिरले. तरवारी चालतील अशी सर्वांची अपेक्षा होती. अगदीं मोजके अपवाद वगळतां त्यांनीं सर्वांस अभय दिलें.

सुरी टाकलेला आपला मुलगा पुढें चांद बोधले यांचा शिष्य झाला. हे कादरी परंपरेंतील सूफी सत्पुरुष देवगिरीस असत. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी हेहि त्यांचेच शिष्य, असें परंपरा मानिते. आणि जनार्दनस्वामींचे शिष्य म्हणजे पैठणचे एकनाथ महाराज. या नात्यानें शेख महंमद हे नाथांचे गुरुकाका लागतात. रामेश्वरास अर्पण करावयाची गंगेची कावड नाथांनीं तापलेल्या वाळूंत तडफडणाऱ्या गाढवास पाजली, ही गोष्ट आपल्या शाळेंतील लहानग्यासहि येते. अरबस्तानांतील विहिरीकांठचें कुत्रें आणि वाळवंटांतील तें गाढव एकाच घरच्या कथांत शेजारीं शेजारीं उभीं आहेत, तीं अशीं.

मालोजीराजे म्हणजे शिवछत्रपतींचे आजोबा. नगरच्या शाह शरीफ या पीरावर त्यांची श्रद्धा होती, म्हणून आपल्या दोन पुत्रांचीं नांवें त्यांनीं शहाजी व शरीफजी अशीं ठेविलीं, हें प्रसिद्धच आहे. त्यांनींच शेख महंमदांना चांभारगोंद्यास आणून मठ बांधून दिला. पुढें मालोजीराजे भीमेपलीकडे, आपल्या शेजारच्या इंदापुरास, लढाईंत पडले. शेख महंमद मात्र श्रीगोंद्यासच राहिले व दीर्घायुषी झाले.

मठ मिळाला तरी त्यांची वाट सोपी नव्हती. मुसलमानानें गोविंदाचें नांव घ्यावें, हें कांहीं स्वधर्मीयांस रुचलें नाहीं. आणि ज्ञान सांगणारा अविंध असावा, हें कांहीं हिंदूंस रुचलें नाहीं. अविंध म्हणजे ज्याचे कान टोंचलेले नाहींत तो, म्हणजेच मुसलमान. शेख महंमदांनीं हा शब्द लपविला नाहीं. आपल्या कवितेंत ते स्वतःच स्वतःला अविंध म्हणवितात. वेषधारी फकिरांस आणि ढोंगी बोवांस त्यांनीं सारख्याच कठोर शब्दांत फटकारिलें आहे. क्षुद्र दैवतांपुढें बकरीं-कोंबडीं मारणाऱ्यांवरहि त्यांचा रोष आहे, आणि त्या लहानपणच्या बोटाची आठवण ठेविली तर तो कां, हें कोणासहि समजेल. माणसांवर दया करणारानें लबाडीवरहि दया केलीच पाहिजे, असें त्यांस वाटत नसे.

त्यांचा मुख्य ग्रंथ योगसंग्राम हा अठरा प्रसंगांचा असून तो शके 1567 मध्यें, म्हणजे इ. स. 1645 त, पुरा झाला. नांवांत संग्राम असला तरी हें युद्ध दुसऱ्या कोणाशीं नाहीं. काम, क्रोध, मद इत्यादि आपल्याच अंतरांतील शत्रूंशीं आहे. पवनविजय व निष्कलंकप्रबोध हे त्यांचे आणखी दोन ग्रंथ. संशोधक वा. सी. बेंद्रे यांनीं 1959 सालीं योगसंग्राम संपादून प्रसिद्ध केला, तेव्हांपासून तो अभ्यासकांस सुलभ झाला.

त्यांच्या उत्तरवयांतील एक आख्यायिका आहे. तुकाराम महाराज देहूस कीर्तन करीत असतां मांडवास आग लागली. त्याच वेळीं श्रीगोंद्यास बसलेले शेख महंमद एकाएकीं दोन्ही हात एकमेकांवर चोळूं लागले. शिष्यांस कांहीं उमजेना. पाहतात तों बाबांचे तळहात काळे झालेले. देहूचा जाळ त्यांनीं तेथूनच विझविला होता. चमत्कारावर कोणी विश्वास ठेवावा, कोणी न ठेवावा. परंतु या पुरुषाविषयीं लोकांनीं कोणत्या प्रकारच्या कथा जपून ठेविल्या, हें पाहण्याजोगें आहे. त्यानें भिंत चालविली नाहीं, रेड्यामुखीं वेद वदविले नाहींत. दुसऱ्याच्या घरीं लागलेली आग याच्या तळहातांस पोळली, एवढेंच लोकांस सांगावेंसें वाटलें. जसें बकऱ्याचें दुःख पूर्वी त्याच्या बोटास लागलें होतें.

समर्थ रामदासांचें एक पद त्यांच्या स्तुतिपर आहे, असें परंपरा मानिते. शेख महंमदांचा देह श्रीगोंद्यासच पडला आणि तेथेंच त्यांची समाधि आहे. त्या ठिकाणीं हिंदु येतात व मुसलमानहि येतात. करमाळ्याहून सकाळीं निघालें तर दर्शन घेऊन सायंकाळपर्यंत सहज परत येतां येतें.