पंडिता रमाबाई आणि उपकारांची फेड

ज्याचें अन्न खावें त्याचें स्मरण ठेवावें, ही शिकवण आपणांस घरींच लहानपणीं मिळते. परंतु उपकारकर्ता परदेशस्थ असला, आणि त्याच्या देणगीमुळें आपलेच देशबांधव आपल्याकडे संशयानें पाहूं लागले, तर कृतज्ञता कशी राखावी? पंडिता रमाबाईंना हा प्रश्न जन्मभर सोडवावा लागला. म्हणून त्यांचें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं कर्नाटकांतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, व मातेनें तें ज्ञान कन्येस दिलें. तीर्थयात्रा करीत हें कुटुंब देशभर हिंडलें. त्यांतच दुष्काळानें आईबाप व थोरली बहीण हिरावून नेलीं. १८७८ सालीं रमाबाई बंधूंसह कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन गौरविलें. पुढें बंधु वारले. १८८० सालीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. परंतु दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच वैधव्य आलें. पदरीं मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

१८८२ सालीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि पुढल्याच वर्षीं त्या विलायतेस निघाल्या. जाण्याचा खर्च भागविण्यास स्वतःच्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाची विक्री उपयोगी पडली. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींनीं त्यांस आश्रय दिला. तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला आणि पुढें चेल्टनहॅमच्या कॉलेजांत अध्ययन व अध्यापन केलें. येथेंच त्यांची पहिली कसोटी लागली. धर्ममतांविषयीं बाई प्रश्न विचारूं लागल्या, तेव्हां आश्रयदात्यांस तो अभिमान व कृतघ्नपणा वाटला. बाईंनीं उपकार कधीं नाकारले नाहींत. परंतु आपली विवेकबुद्धि कोणाच्या स्वाधीन करण्यास त्या तयार झाल्या नाहींत. तरीही त्या भगिनींशीं त्यांचा पत्रव्यवहार पुढें अनेक वर्षें चालू राहिला. मतभेद झाला म्हणून माणुसकी तोडावी, असें त्यांस वाटलें नाहीं.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं रमाबाई अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें गेल्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीविषयीं त्यांनीं १८८७ सालीं इंग्रजींत ग्रंथ लिहिला, गांवोगांव व्याख्यानें दिलीं, आणि त्या वर्षाअखेर बोस्टन येथें रमाबाई संघ स्थापन झाला. ज्यांनीं हिंदुस्थान कधीं पाहिला नव्हता, अशा सामान्य स्त्रीपुरुषांनीं येथील बालविधवांच्या शाळेसाठीं दहा वर्षें साह्य करण्याचें वचन दिलें. शाळेंत धर्माची सक्ति नसावी, हें तत्त्वही ठरलें. त्या द्रव्यावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी.

त्याच वर्षीं अमेरिकेविषयीं बाईंचा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत तेथील स्त्रियांच्या संघटनांची मनमोकळी स्तुति आहे. परंतु तेथील मूळ रहिवाशांवर व कृष्णवर्णीयांवर झालेला अन्यायही त्यांनीं झांकला नाहीं. दात्याच्या देशाचे दोष लपविणें ही कृतज्ञता नव्हे, खुशामत होय, हें त्या ओळखून होत्या.

१८९० सालीं सदन पुण्यास आलें. बाईंच्या प्रार्थनेस कांहीं मुली बसूं लागल्या, आणि १८९३ सालीं मोठें वादळ उठलें. रानडे व भांडारकर यांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळांतून निघाले. सुमारें पंचवीस मुली पालकांनीं काढून नेल्या. पालकांची भीति अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं. सदनाच्या तटस्थतेचें जें वचन होतें, त्याविषयीं विचारण्याचा त्यांस अधिकार होता. परंतु रागाच्या भरांत दूर देशींच्या त्या दात्यांच्या हेतूचीही निंदा झाली, हें योग्य नव्हे. आणि या भांडणाची किंमत कोणीं दिली? ज्यांच्या हातून पाटी सुटली, त्या मुलींनीं.

बोस्टनच्या मंडळीनें मात्र वचन मोडलें नाहीं. दहा वर्षांची मुदत भरली तेव्हां, १८९८ सालीं, रमाबाई स्वतः अमेरिकेस गेल्या व झालेल्या कामाची हकीकत त्यांनीं दात्यांपुढें मांडली. दुष्काळांतून वांचविलेल्या शेंकडों मुलींसाठीं तोंवर केडगांव येथें मुक्ति सदन उभें राहिलें होतें. स्वतः दुष्काळांत होरपळलेल्या या स्त्रीनें १९०० च्या सुमारास गुजराथेंतील दुष्काळपीडितांसही तेथें आणिलें. मुली शेती, विणकाम, छापकाम शिकून आपल्या पायांवर उभ्या राहूं लागल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवासच बाईंनीं देह ठेविला. तेथील कार्य त्यांच्यामागेंही चालू राहिलें.

विद्यार्थीमित्रहो, गरज सरतांच वैद्यास विसरणारे जगांत थोडे नाहींत. आणि उपकाराच्या ओझ्याखालीं मान कायमची वांकविणारेही थोडे नाहींत. रमाबाईंनीं या दोन्ही वाटा टाळल्या. घेतलेलें त्यांनीं उघडपणें मान्य केलें, ज्या कामासाठीं मिळालें त्या कामीं लाविलें, मत स्वतंत्र ठेविलें आणि मिळालेला हात दुसऱ्या बुडत्यास दिला. आपल्या शिक्षणासाठींही कोणा ना कोणा अनोळखी दात्याचा पैसा खर्च झालेला असतो. त्याची परतफेड तो दाता मागत नाहीं. परंतु आपल्यामागून येणारें एखादें गरीब मूल ती आपल्यापाशीं मागत असतें. तें दाराशीं येईल तेव्हां आपण तें ओळखावें.