गवंड्याचा मुलगा : स्टीफन हिस्लॉप

मॅट्रिकचा निकाल लागला आणि आपली तुकडी पांगली. कोणी सायन्स कॉलेजात गेले, कोणी मॉरिसला, आणि बरेचसे हिस्लॉपला. प्रवेशाच्या फॉर्मवर, ओळखपत्रावर, पुढे नोकरीच्या अर्जांवर आपण ते नाव कितीतरी वेळा लिहिले असेल. पण हा हिस्लॉप कोण, हे आपल्यापैकी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मी तर तो एखादा गव्हर्नर किंवा कॉलेजला पैसे देणारा साहेब असावा असे धरूनच चाललो होतो. निवृत्तीनंतर वेळ हाताशी आला तेव्हा शोधाशोध केली आणि लाज वाटली. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा आग्रह झाला तेव्हा हाच विषय घ्यायचे ठरवले.

तो गव्हर्नर नव्हता. गवंड्याचा मुलगा होता. स्कॉटलंडच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेलगत डन्स नावाचे लहान गाव आहे, तिथे ८ सप्टेंबर १८१७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचेही नाव स्टीफनच. दगडाचे बांधकाम करणारा हा कारागीर आपल्या चर्चमध्ये पंच म्हणून मान असलेला होता. घरात पैसा बेताचा असावा, पण शिक्षणाची ओढ दांडगी. मोठा भाऊ अलेक्झांडर धर्मोपदेशक आणि ग्रंथकार झाला. धाकट्या स्टीफनने एडिंबरा आणि ग्लासगोच्या विद्यापीठांत शिक्षण घेतले. त्याच सुमारास, १८४३ साली, स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. स्टीफन फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेले आणि पुढल्याच वर्षी त्या चर्चचे मिशनरी म्हणून हिंदुस्थानकडे निघाले. नुकतेच लग्न झाले होते. पत्नी इरॅस्मा बरोबर होत्या.

मुंबई-नागपूर रेल्वे यायला अजून वीस-बावीस वर्षे होती. १८४५ च्या आरंभी हे जोडपे नागपुरास पोचले, तेव्हा गादीवर तिसरे रघोजी भोसले होते, बर्डीवर इंग्रज रेसिडेंट होता आणि कामठीला मद्रास सैन्याची छावणी होती. त्यामुळे मराठी, हिंदी, तेलुगू, तमिळ अशा चारही भाषा दहा मैलांच्या टापूत कानी पडत. मिशनसाठी पैसा दिला तो मद्रास सैन्यातल्याच विल्यम हिल नावाच्या अधिकाऱ्याने. त्यापूर्वी काही जर्मन कारागीर मिशनरी गोंडांच्या मुलखात, अमरकंटकाजवळ करंजियाला येऊन राहिले होते. पटकीने त्यांतले बहुतेक गेले. जे वाचले ते हिस्लॉप यांना येऊन मिळाले. थोडक्यात, सुरुवात मृत्यूच्या सावलीतली होती.

आल्यावर त्यांनी मराठी शिकायला घेतले आणि १८४६ साली शाळा काढली. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर हा लेख स्तुतिपाठ होईल. हिस्लॉप इथे आले ते धर्मप्रसारासाठी. शाळा हे त्याचे साधन होते. वर्गात बायबल होते आणि इंग्रजीही होते. आईबाप मुलाला पाठवत ते दुसऱ्यासाठी, आणि धसका घेऊन असत तो पहिल्याचा. एखादा पोरगा नव्या धर्माची भाषा बोलू लागला की त्या घरात काय आकांत होत असेल याची कल्पना आपल्याला करता येते. हिस्लॉप यांनी आपला हेतू कधी लपवला नाही, एवढे म्हणता येईल. पण त्यांच्या शाळेतून शिकून निघालेल्या बहुतेक मुलांनी इंग्रजी घेतले, गणित घेतले, आणि धर्म आपापलाच ठेवला. आपणही तेच केले म्हणा.

मला या माणसात रस वाटू लागला तो मात्र दगडांमुळे.

आपले भूगोलाचे सर आठवतात? एका २६ जानेवारीला झेंडावंदन आटोपल्यावर ते आपल्याला सीताबर्डीच्या किल्ल्यावर घेऊन गेले होते. बाकीचे सगळे तोफा बघत होते, आणि सर मात्र टेकडीच्या कडेला उभे राहून काळा दगड दाखवत होते. हा थंड झालेला लाव्हा आहे, असे ते सांगत होते आणि आपण शेंगदाणे खात होतो. त्या काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये काय दडले आहे हे जगाला पहिल्यांदा नीट सांगितले ते हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी. १८५१ साली नागपूरच्या पश्चिमेला टाकळीच्या बाजूला फिरताना त्यांना खडकात गोड्या पाण्यातली शंखशिंपली सापडली. टाकळी म्हणजे आता जिथे पोलीस लाइन आहे तीच. लाव्ह्याच्या खडकात गोगलगाय कशी? दोघांनी शोध चालू ठेवला आणि फळे, बिया, लाकूड, हाडे, सगळे दगड झालेले, हाती येऊ लागले.

अर्थ असा की लाव्ह्याचा एक लोंढा येऊन थंड झाला, त्यावर तळी साचली, झाडे वाढली, गोगलगायी फिरल्या, आणि मग दुसरा लोंढा येऊन सगळ्यावर पसरला. आजच्या हिशेबाने ही साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. हिस्लॉप-हंटर जोडीने नागपूरच्या परिसरातील भूस्तर आणि जीवाश्म यांवर लिहिलेला निबंध लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात १८५५ साली छापून आला. कामठीजवळ कन्हानकाठी सिलेवाड्याच्या वालुकाश्मात त्यांना झाडांच्या पानांचे ठसे मिळाले. दक्षिणेला मांगलीच्या दगडातून एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी निघाली, तिचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केले. डायनोसॉर हा शब्द ज्यांनी बनवला तेच हे ओवेन. वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्यातून त्यांनी मोठाली हाडे गोळा केली. पुढे तीच जागा डायनोसॉरच्या हाडांसाठी प्रसिद्ध झाली.

टाकळीच्या हिरवट खनिजाला हिस्लोपाइट हे नाव मिळाले, आणि जोडीला हंटराइटही. गोड्या पाण्यातल्या एका सूक्ष्म जीवाच्या वंशाला हिस्लोपिया म्हणतात. हंटर प्रकृतीमुळे १८५५ मध्ये मायदेशी परतले आणि तिथे त्यांनी सात खंडांचा प्रचंड इंग्रजी शब्दकोश तयार केला. नागपूरच्या उन्हात एकत्र हिंडलेल्या या दोन मास्तरांची नंतरची आयुष्ये किती निराळी गेली पाहा.

हे सगळे शाळा सांभाळून चालले होते. वर्ग, प्रवचन, दौरे, घरी लहान मुले, आणि त्यातून उरलेल्या वेळात हातोडी. गवंड्याच्या पोराला दगड कुठे टाकी घेतो आणि कुठे फुटतो हे लहानपणीच कळले असणार, असे मला आपले उगीच वाटते.

आता दुसरी अडचणीची गोष्ट. १८५३ च्या डिसेंबरात रघोजी वारले आणि पुढल्या वर्षी राज्य खालसा झाले. १८५७ च्या १३ जूनच्या रात्री शहरातून आगीचे फुगे आकाशात सोडायचे आणि ती खूण दिसताच घोडदळाने उठायचे, असा बेत ठरला होता. घोडदळ टाकळीलाच होते, जिथे शंखशिंपली मिळाली होती तिथेच. बेत फसला. हिस्लॉप यांच्या परिचयाच्या एका मुसलमान गृहस्थाने त्यांना आधी सावध केले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना कळवले, अशी हकीकत सांगतात. त्यानंतर घोडदळाची शस्त्रे काढून घेतली गेली आणि पुढाऱ्यांना बर्डीच्या किल्ल्यावर फाशी दिली गेली. आपण शेंगदाणे खात होतो तीच जागा. बायकामुले घेऊन राहणाऱ्या माणसाने दुसरे काय करावे, असे एक मन म्हणते. दुसरे मन फाशीच्या दोराकडे बघते. मला या दोहोंचा मेळ घालता आलेला नाही, आणि घालायचा प्रयत्नही मी सोडून दिला आहे.

एवढे मात्र खरे की सरकारची बाजू घेणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. खालसा झालेल्या मुलखात इंग्रज कारभार किती ढिसाळ आणि जाचक चालला आहे यावर त्यांनी वर्तमानपत्रातून टीका केली. नोव्हेंबर १८६१ मध्ये मध्य प्रांत नावाचा नवा प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. त्यामागच्या कारणांत या टीकेचाही वाटा होता असे मानले जाते. मधल्या काळात ते रजेवर स्कॉटलंडला जाऊन आले होते. तिथेच राहणे सोपे होते. तब्येत, मुले, सगळी कारणे तयार होती. ते परत आले.

दगडांखेरीज दुसरा नाद गोंडांचा. गोंडी शब्द, चालीरीती, कुळे, देव यांची टिपणे ते वर्षानुवर्षे करत होते. गोंडांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या परधानाकडून त्यांनी लिंगोची गाथा उतरवून घेतली. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून दारावर प्रचंड शिळा लावली आणि लिंगोने त्यांना सोडवले, ती ही कथा. आज गोंडी समाजाच्या सभांमध्ये लिंगोचे नाव अभिमानाने घेतले जाते. त्या गाथेचा कागदावर आलेला जुन्यातला जुना पाठ या परक्या मास्तराच्या वहीतला आहे. एका परधानाने म्हणायचे आणि पाद्र्याने लिहून घ्यायचे, अशी ती बैठक किती दिवस चालली असेल!

शेवटही दगडांपाशीच आला. नागपूरच्या दक्षिणेला वीसेक मैलांवर टाकळघाट आहे. तिथल्या माळावर मोठमोठ्या धोंड्यांची गोल कडी आहेत, फार प्राचीन काळच्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली. सप्टेंबर १८६३ च्या आरंभी प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल ती पाहायला निघाले आणि हिस्लॉप यांना बरोबर घेतले. पावसाळा संपला नव्हता. ४ सप्टेंबरला वर्तुळे पाहून झाल्यावर टेंपलची मंडळी पुढे मुक्कामाकडे गेली आणि हिस्लॉप मागे राहिले, कारण वाटेत बोरी गावची शाळा तपासायची होती. शाळा पाहून ते संध्याकाळी एकटेच घोड्यावर निघाले. वाटेतले पाणी पुराने फुगले होते. मुक्कामावर घोडा पोचला, स्वार नाही. शोधायला माणसे धावली तेव्हा पाण्यात प्रेत मिळाले. सेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. पत्नी आणि मुले मागे राहिली.

बोरी म्हणजे आपली बुटीबोरी. आपल्यातले दोघे-तिघे जन्मभर तिथल्या एमआयडीसीत नोकरीला होते, रोज वर्धा रोडने जात-येत होते.

पिसदुऱ्याच्या हाडांविषयीची त्यांची पत्रे लंडनला १८६४ साली छापली गेली. गोंडांवरची टिपणे अर्धवट, विस्कळीत पडली होती. ती टेंपल यांनी जुळवली, प्रस्तावना लिहिली आणि १८६६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. मिशनच्या शाळेतून कॉलेज निघाले ते १८८३ साली, आणि त्याला नाव दिले हिस्लॉप यांचे. ते कॉलेज ज्या रस्त्यावर उभे आहे त्याचे नाव टेंपल रोड. आपण चार वर्षे त्या रस्त्यावरून सायकली हाकल्या आणि दोन्ही नावे वाचली. त्या दोघांची शेवटची सहल एकत्र निघाली होती हे मला साठी उलटल्यावर कळले.

टाकळघाट-खापा इथल्या वर्तुळांचे शास्त्रशुद्ध उत्खनन नागपूर विद्यापीठाने १९६८-६९ च्या सुमारास केले, म्हणजे आपण शाळेत असताना. लोखंडाची हत्यारे निघाली, मातीची भांडी निघाली, आणि घोड्यांचे अवशेष व त्यांचे साजही. मेलेल्या माणसाबरोबर त्याचा घोडा पुरण्याची रीत विदर्भातल्या या लोकांत होती. 

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांना गुडघे साथ देतात त्यांनी टाकळघाटला जायचे, असे आम्ही पाच-सहा जणांनी ठरवले आहे. गाडीत जागा आहे. डबा आपापला आणावा, शेंगदाणे मी आणतो.