लोकांचा राजदूत

उर्दूत तुम्ही ज्याला सफीर म्हणता, त्याला मराठीत राजदूत म्हणतात. पेशव्यांच्या काळात अशा माणसाला वकील म्हणत. नाव कोणतेही असो, काम एकच. परक्या मुलखात राहायचे आणि आपल्या देशाच्या वतीने बोलायचे. समजा, हे काम तुम्हांला मिळाले, तर तुम्ही कोणत्या शहरी जाल? लंडन, पॅरिस, वॉशिंग्टन, हीच नावे तुमच्या तोंडी येतील. पण औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत 1948 साली आफ्रिकेतील नैरोबी या शहरी गेले. तेथे त्यांनी काय केले, ते आता वाचा.

अप्पासाहेबांचा जन्म 11 सप्टेंबर 1912 रोजी झाला. त्यांचे वडील बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंध संस्थानचे राजे. संस्थान अगदी लहान, अवघ्या 72 गावांचे. पण राजा मोठ्या मनाचा होता. ते उत्तम चित्रकार होते. सूर्यनमस्काराच्या व्यायामाचा त्यांनी गावोगावी प्रसार केला. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा त्यांनीच दिली. तेथेच पुढे किर्लोस्करवाडी वसली. अप्पासाहेब मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढे ते इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून आणि बॅरिस्टर होऊन ते परत आले.

परत आल्यावर त्यांनी काय केले असेल? गादीवर बसण्याची तयारी? नाही. बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती द्यायचे ठरवले होते. महात्मा गांधींचा सल्ला घेऊन 1939 साली औंधची नवी राज्यघटना तयार झाली. या कामी अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलिश इंजिनिअर यांनी खूप कष्ट घेतले. आता गावचा कारभार गावची पंचायत पाहू लागली. अप्पासाहेब गावोगाव हिंडले. शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसून त्यांनी लोकांची गाऱ्हाणी ऐकली. ऐकून घेण्याची ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली. 1948 साली औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. जगभर आपले प्रतिनिधी पाठवायचे होते. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी अप्पासाहेबांना पूर्व आफ्रिकेत पाठवायचे ठरवले आणि अप्पासाहेबांनी ते काम आनंदाने स्वीकारले. ही नेमणूक मानाची दिसत नव्हती. केनिया तेव्हा स्वतंत्र देश नव्हता, तेथे इंग्रजांचे राज्य होते. त्यामुळे अप्पासाहेबांना राजदूत असे नावही मिळाले नाही. ते भारत सरकारचे कमिशनर म्हणून गेले.

नैरोबीत त्यांना काय दिसले? माणसांच्या जणू तीन पायऱ्या केलेल्या होत्या. सर्वांत वर गोरे लोक. मधल्या पायरीवर भारतातून गेलेले व्यापारी, कारकून आणि कारागीर. सर्वांत खाली आफ्रिकी माणूस, आपल्याच देशात! डोंगराळ भागातील उत्तम जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली होती. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे.

आता अप्पासाहेबांपुढे खरा प्रश्न उभा राहिला. इंग्रज अधिकाऱ्यांशी गोडीने वागून फक्त भारतीयांचे हित पाहायचे, हा एक मार्ग होता. तो सोपा होता. आफ्रिकी लोकांशी मैत्री करायची, हा दुसरा मार्ग. तो धोक्याचा होता. नेहरूंचे धोरण स्पष्ट होते. आफ्रिकेत आफ्रिकी माणसाचे हित पहिले, भारतीयांनी त्याच्या खांद्याला खांदा लावून राहावे, असे ते मानत. अप्पासाहेबांनी हा दुसरा मार्ग मनापासून धरला.

त्यांनी आपल्या घराचे दार आफ्रिकी पाहुण्यांसाठी उघडले. जोमो केन्याटा यांच्यासारख्या नेत्यांशी त्यांची मैत्री जमली. आफ्रिकी मुलांना शिष्यवृत्ती देऊन भारतात शिकायला पाठवण्याच्या कामाला त्यांनी हातभार लावला. तेथील भारतीयांनी गांधीजींच्या स्मरणार्थ निधी जमवला होता. त्या निधीचा उपयोग सर्व वंशांच्या मुलांसाठी असलेल्या एका महाविद्यालयासाठी झाला. आजचे नैरोबी विद्यापीठ त्यातूनच वाढले.

हे सर्वांनाच आवडले असे समजू नका. काही भारतीय व्यापाऱ्यांना भीती वाटली. सरकारची गैरमर्जी झाली, तर आपल्या दुकानांचे काय होईल? त्यांची काळजी अगदीच खोटी नव्हती. त्यांना तर तेथेच राहायचे होते.

1952 साली केनियात आणीबाणी जाहीर झाली आणि केन्याटांना अटक झाली. त्यांच्या बचावासाठी भारतातून दिवाण चमनलाल हे वकील गेले. अप्पासाहेब बंडखोरांना फूस देतात, असा इंग्रजांना संशय होता. त्यांनी भारताकडे तक्रारी केल्या. शेवटी 1954 साली अप्पासाहेबांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पुढे 1963 साली केनिया स्वतंत्र झाला आणि तेच केन्याटा देशाचे पहिले पंतप्रधान झाले.

नैरोबीनंतर अप्पासाहेब हिमालयात गंगटोकला गेले. 1958 साली पंडित नेहरू भूतानला गेले, तेव्हा तेथे मोटारीचा रस्ता नव्हता. घोड्यावर आणि याकवर बसून बर्फाळ घाट ओलांडावे लागले. त्या प्रवासात अप्पासाहेब बरोबर होते. नंतर त्यांनी इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, इंग्लंड आणि इटली या देशांत भारताचे काम पाहिले. ज्या लंडनची नावड नैरोबीने ओढवून घेतली होती, त्याच लंडनमध्ये ते 1969 साली भारताचे उच्चायुक्त म्हणून गेले. 1975 साली ते निवृत्त झाले. आपल्या अनुभवांवर त्यांनी पुस्तके लिहिली. 1992 साली त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, परराष्ट्र सेवेचे दार तुमच्यासाठीही उघडे आहे. त्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. निवड झालेल्यांना एक परकी भाषा शिकावी लागते आणि ती जेथे बोलली जाते, त्या देशात बहुधा पहिली नेमणूक होते. अरबी आणि फारसी या त्यांपैकी भाषा आहेत. त्यांचे कितीतरी शब्द तुम्ही रोज बोलता. उद्या तुमच्यापुढे देशांची यादी आली, तर कोठे सुख मिळेल एवढेच पाहू नका. कोठे आपली गरज आहे, हेही विचारा. अप्पासाहेबांनी नैरोबीत राहून हेच केले.